लहान वाचनालयात प्रौढांसाठी कार्यक्रम कसे चालवावेत

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांत अ ते ड या दर्जांपैकी खालच्या क आणि ड दर्जाची वाचनालये संख्येने सर्वाधिक आहेत. दोन-तीन खोल्या, एक ग्रंथपाल, फार तर एखादा शिपाई आणि सवड काढून येणारे कार्यकारी मंडळ, एवढ्यावर त्यांचा कारभार चालतो. अशा वाचनालयाचे वर्षभराचे कार्यक्रम पाहिले, तर त्यांत बहुधा जयंत्या, पुण्यतिथ्या आणि वर्धापनदिनाचे एक मोठे व्याख्यान एवढेच आढळते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक आणि सत्कार यांत पाऊण तास जातो, वक्ता बोलतो, चहापान होते आणि दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या टेबलापाशी पूर्वीचेच सभासद दिसतात. ही ताकद आणि हा पैसा दर महिन्याच्या लहान, ठरलेल्या आणि कपाटातल्या पुस्तकांशी जोडलेल्या कार्यक्रमांकडे वळवावा. तो कसा वळवायचा, हे पुढे मांडले आहे.

सर्वांत आधी दिवस ठरवावा, विषय नंतर. ‘महिन्याचा दुसरा शनिवार’ असे एकदा ठरले की तो बदलू नये, कारण लोक कार्यक्रमपत्रिका वाचून येतात त्याहून अधिक सवयीने येतात. दिवस निवडताना गावचा आठवडी बाजार, लग्नसराई, शेतीच्या कामांची घाई आणि शेवटच्या एसटीची वेळ पाहावी. गृहिणींना दुपारी तीन ते पाच ही वेळ सोयीची पडते, तर नोकरदार आणि दुकानदार संध्याकाळी सातनंतरच मोकळे होतात. दोघांनाही एकाच कार्यक्रमात ओढण्यापेक्षा एक महिना दुपार आणि एक महिना संध्याकाळ असा क्रम लावून तो वर्षभर पाळावा. वाचनालयाला जोडून अभ्यासिका असेल, तर स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांशी आधी बोलून घ्यावे. ज्यांना घरी शांतता मिळत नाही म्हणून ती मुले तेथे बसतात, त्यांच्या डोक्यावर ध्वनिक्षेपक लावणे योग्य नाही. वीस माणसांच्या बैठकीला ध्वनिक्षेपक मुळात लागतही नाही.

महिन्याच्या कार्यक्रमांचा कणा पुस्तकचर्चा हाच असावा. येथे पहिली अडचण अशी येते की लहान वाचनालयात एका पुस्तकाची एकच प्रत असते, त्यामुळे सर्वांनी एकच पुस्तक वाचून यावे ही कल्पना पहिल्याच महिन्यात कोलमडते. त्यावर उपाय म्हणजे पुस्तकाऐवजी विषय किंवा लेखक ठरवावा. प्रवासवर्णने, स्त्रियांची आत्मचरित्रे, शेतीविषयक लेखन, आपल्या जिल्ह्यातील लेखक असा एखादा विषय घेतला की कपाटातून पंधरा-वीस पुस्तके सहज निघतात. ती महिनाभर दारासमोरच्या टेबलावर मांडून ठेवावीत आणि ज्याने जे नेले त्याने त्याविषयी बोलावे. बोलायला प्रत्येकी पाच मिनिटे पुरतात. खुर्च्या ओळींत न लावता गोलाकार लावाव्यात किंवा सरळ सतरंज्या अंथराव्यात, कारण ओळी लावल्या की पहिल्या ओळीत प्रतिष्ठित मंडळी बसतात आणि मागचे तोंड उघडत नाहीत. चर्चा चालवणाऱ्याने ‘पुस्तक कसे वाटले?’ असे विचारू नये. त्याला ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘कोणत्या पानावर थांबावेसे वाटले, ते वाचून दाखवा,’ असे म्हटले की माणूस पुस्तक उघडतो, दोन परिच्छेद वाचतो आणि मग आपोआप बोलू लागतो. ज्यांना वाचून दाखवणे डोळ्यांमुळे जमत नाही किंवा शाळा लवकर सुटल्यामुळे संकोच वाटतो, त्यांना ऐकायला बसण्याची पूर्ण मोकळीक असावी. अशा श्रोत्यांसाठी अधूनमधून केवळ अभिवाचन ठेवले, तर तेच पुढे सर्वांत नियमित येणारे ठरतात.

दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने तर कार्यक्रमांसाठी आयतेच हाती येतात. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या अंकापासून सांगितली जाते आणि आज बहुतेक वाचनालये ठरावीक वर्गणीत अंक वाचायला देण्याची योजना चालवतात. या योजनेच्या सभासदांची जानेवारीत एक बैठक घ्यावी आणि प्रत्येकाने आवडलेली एक कथा किंवा एक लेख सुचवावा. अंकाचे नाव व पृष्ठक्रमांक यांसह ती यादी फलकावर लावली की उरलेले अंकही फिरू लागतात. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असल्यामुळे ही बैठक त्यातच बसवता येते आणि शासकीय उपक्रमासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही. हेच तत्त्व २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची १२ ऑगस्टची जयंती, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि १४ नोव्हेंबरपासूनचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह यांना लावावे: दिन साजरा करण्यासाठी निराळा कार्यक्रम उभा न करता चालू कार्यक्रमच त्या दिवसाला जोडावा.

जे कथा-कादंबरी वाचत नाहीत, त्यांनाही वाचनालयात येण्याचे कारण मिळायला हवे. तीन महिन्यांतून एकदा व्यवहारोपयोगी बैठक ठेवावी. सातबारा आणि आठ-अ उतारा कसा वाचावा, हे समजावून द्यायला गावातील निवृत्त तलाठी आनंदाने येतात. मृत्युपत्र आणि वारसनोंदीविषयी स्थानिक वकील बोलू शकतात. ज्येष्ठांसाठी मोबाइलवरील फसवणुकीची बैठक सध्या फार गरजेची आहे. ओटीपी कोणालाही सांगू नये, अनोळखी दुवा उघडू नये आणि पैसे गेल्यास ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, एवढे तीन मुद्दे मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाच्या हाती द्यावेत. ही बैठक व्याख्यान म्हणून न घेता चार-पाच ज्येष्ठांमागे एक महाविद्यालयीन विद्यार्थी बसवून घ्यावी, म्हणजे प्रत्येकाला आपल्याच फोनवर करून पाहता येते. मात्र बैठकीत कोणाच्याही बँक खात्याची माहिती किंवा पिन उघड होणार नाही, याची काळजी आयोजकांनी घ्यावी. विमा किंवा गुंतवणूक विकणाऱ्यांना व्यासपीठ मुळीच देऊ नये, मग ते चहापाणी स्वतःच्या खर्चाने करायला तयार असले तरी.

खर्चाच्या बाबतीत थोडे कठोर असावे. सत्काराची शाल आणि श्रीफळ यांच्या पैशांत एखादे पुस्तक येते, तेव्हा पाहुण्यांना पुस्तकच द्यावे. बाहेरगावच्या वक्त्याला मात्र प्रवासखर्च न मागता द्यावा, कारण संकोचाने तो गप्प राहतो आणि पुन्हा येत नाही. वर्षाच्या सुरुवातीला कार्यकारी मंडळाच्या सभेत कार्यक्रमांसाठीच्या रकमेचा ठराव करून घ्यावा आणि प्रत्येक खर्चाची पावती जपावी. संस्था नोंदणीकृत न्यास असल्यामुळे हिशेब तपासले जातात आणि पावतीअभावी भुर्दंड बिचाऱ्या ग्रंथपालावर पडतो. गावात सर्वांना कळावे म्हणून व्हॉट्सॲपवरील संदेश पुरेसा नसतो. किराणा दुकान, दवाखाना, दूधसंकलन केंद्र आणि बसथांबा येथे हाताने लिहिलेला फलक लावावा आणि सभासदाने पुस्तक बदलताना ग्रंथपालाने तोंडी आमंत्रण द्यावे. या शेवटच्या मार्गाने येणारे सर्वाधिक असतात, असा बहुतेक ग्रंथपालांचा अनुभव असतो.

कार्यक्रमाची नोंदवही ठेवताना उपस्थितांच्या सह्यांबरोबर पहिल्यांदाच आलेल्यांच्या नावापुढे खूण करावी. पुढील पंधरा दिवसांत त्या विषयाची मांडलेली पुस्तके किती जणांनी नेली, हे देवघेव नोंदवहीतून काढून त्याच पानावर लिहावे, म्हणजे तपासणीच्या वेळी दाखवायलाही ते उपयोगी पडते. सलग काही महिने नवा माणूस आला नाही, तर विषय बदलण्याआधी वेळ बदलून पाहावी. आणि तरीही फरक पडला नाही, तर न आलेल्या दहा सभासदांना त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे.