टीमसाठी गोल्फ आउटिंग ठेवताय? क्लबच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी हे वाचा

आमच्या हायस्कूलच्या रोबोटिक्स टीमसाठी पैसे उभे करायला आम्ही पालकांनी मिळून आतापर्यंत सहा गोल्फ आउटिंग केली, म्हणजे फी घेऊन आणि स्पॉन्सर मिळवून ठेवलेली एका दिवसाची गोल्फ स्पर्धा, मोठा मुलगा टीममध्ये होता तेव्हापासून ते धाकटी ग्रॅज्युएट होईपर्यंत, सगळी इथेच सेंट्रल जर्सीत. मी स्वतः गोल्फ खेळत नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या टीमच्या आईचा नाहीतर बाबांचा फोन येतो, ताई कसं करायचं जरा सांगा ना, आणि तोपर्यंत त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की आधी थीम ठरवा, लोगो करा, गुडी बॅग आकर्षक करा. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लोगोच्या जोरावर एकही टीम वर्ल्ड चॅम्पियनशिपला ह्यूस्टनला गेलेली नाही. पैसा कुठून येतो आणि कुठून गळतो एवढंच बघायचं असतं. येतो तो स्पॉन्सरकडून. गळतो तो गोल्फ क्लबच्या कॉन्ट्रॅक्टमधून. बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्याकडे बूस्टर क्लब (टीमसाठी पैसे जमवणारी पालकांची संस्था) आहे, त्याचं वेगळं बँक खातं आहे, ५०१ सी ३ (धर्मादाय संस्थेची टॅक्समाफी) झालेलं आहे आणि चार-पाच हातपाय हलवणारे पालक आहेत असं मी धरून चालतेय. नसेल तर आधी ते करा, यावर्षी आउटिंग नको.

तारीख

सोमवार घ्या. बरेच प्रायव्हेट क्लब सोमवारी मेंबरांसाठी बंद असतात म्हणून त्या दिवशी आउटिंगला कोर्स मिळतो आणि बऱ्याचदा रेटही बरा मिळतो. आमच्या टीमचा सीझन जानेवारीत सुरू होतो, रजिस्ट्रेशन, मोटर्स, अ‍ॅल्युमिनियम सगळ्याला पैसे त्याच्या आत लागतात, मग पुढे नंबर लागला तर एप्रिलमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला ह्यूस्टनचं विमान, हॉटेल, म्हणून आम्ही सप्टेंबर धरतो. लेबर डेचा सोमवार सोडा, रोश हशाना (ज्यूंचं नवीन वर्ष) कधी आहे ते बघा, आणि गणपतीही बघा, कारण आपले निम्मे कार्यकर्ते त्या वीकेंडला मंडळाच्या कामात अडकलेले असतात आणि सोमवारी सकाळी सात वाजता कुणी फोन उचलत नाही. अजून एक, सप्टेंबरअखेर इकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि भरलेल्या कोर्सवर एक राउंड आरामात साडेपाच तास खातो. दुपारी एकचा शॉटगन स्टार्ट ठेवलात तर शेवटचे ग्रुप अंधारात चेंडू शोधत बसतील. अकरा ठेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शॉटगन स्टार्ट म्हणजे सगळे ग्रुप एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात, त्यामुळे संपतातही साधारण एकत्र आणि जेवायला सगळे एकाच वेळी येतात. खेळ स्क्रॅम्बलच ठेवा, म्हणजे चौघांनी मारायचं, त्यातला चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच. ज्याला धड खेळता येत नाही तोही यात मजेत खेळतो, आणि आपले निम्मे पाहुणे तसेच असतात.

आता क्लबचं कॉन्ट्रॅक्ट

इथे मी सावकाश लिहिणार आहे, कारण पहिल्याच वर्षी इथे आमचं पार दिवाळं निघालं होतं.

क्लबच्या को-ऑर्डिनेटरने आम्हाला सांगितलं, माणशी ११० डॉलर, त्यात गोल्फ, कार्ट, प्रॅक्टिसचे बॉल, संध्याकाळचं जेवण. आम्ही फी ठेवली १५०. म्हणजे माणशी ४० सुटतात असा आमचा सरळ हिशोब. प्रत्यक्षात त्या ११० मध्ये ६५ गोल्फचे आणि ४५ जेवणाचे होते, आणि जेवणावर २२ टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ९ डॉलर ९० सेंट आणखी. झाले ११९.९०. गुडी बॅग आणि बक्षिसं मिळून माणशी १८ डॉलर. राहिले किती? बारा डॉलर दहा सेंट. शंभर माणसं आणण्यासाठी तीन महिने जीव काढायचा आणि फीमधून टीमला बाराशे डॉलर.

पण खरा घाव दुसरीकडे बसला. कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ होती की शेवटचा आकडा तीस दिवस आधी द्यायचा आणि तो नंतर वाढवता येईल, कमी करता येणार नाही. आमच्या फॉर्मवर ११८ नावं होती. आम्ही १२० लिहून दिले. आले किती, तर ८६. कारण फॉर्मवर नाव टाकायला पैसे लागत नव्हते आणि "अरे हो, नक्की येतो" म्हणणाऱ्याचं त्या सोमवारी ऑफिसचं काम निघतं. संध्याकाळी लोक जेवत असताना को-ऑर्डिनेटरने आमच्या ट्रेझररला बाजूला बोलावून बिल दिलं, त्यात न आलेल्या ३४ माणसांचेही पैसे, ४,०७६ डॉलर ६० सेंट. तो माणूस ते बिल हातात धरून कोट ठेवायच्या खोलीत पाच मिनिटं नुसता उभा होता. मी शेजारी. एकवीस होल स्पॉन्सर होते, म्हणजे एकेका होलवर आपल्या नावाची साइन (पाटी) लावायला पैसे देणारे, साइनचा खर्च जाऊन त्यांचे २,७३० आले होते, फीमधून जेमतेम हजार. सगळं घालून आम्ही ३०६ डॉलर तोट्यात. ते ३०६ आम्ही तिघा-चौघांनी घरून भरले आणि मुलांना सांगायची पाळी आली की या वर्षी नवीन बॅटऱ्या येणार नाहीत.

त्यात क्लबने काही फसवलं नाही, सगळं छापलेलं होतं. आम्ही वाचलं नाही. म्हणून आता माझे नियम ठरलेत आणि मी ते सोडत नाही.

गॅरंटी, म्हणजे माणसं कमी आली तरी ज्याचे पैसे द्यावेच लागतात तो आकडा, कायम ७२ ची द्या. अठरा होल, प्रत्येकावर एक फोरसम, म्हणजे चौघांचा ग्रुप, बहात्तर माणसं. को-ऑर्डिनेटर म्हणेल की पूर्ण कोर्स हवा तर १०० द्या, १२० द्या. नाही म्हणा. ७२ ची गॅरंटी आणि १२० पर्यंत वाढवायची मुभा, हे लिहून मागा. एक क्लब नाही म्हणाला तर दुसरा बघा, या भागात कोर्सांना तोटा नाही.

शेवटचा आकडा तीस दिवस नाही, सात दिवस आधी. फार ताणलं तर दहा. आणि गोल्फचा आकडा वेगळा, जेवणाचा वेगळा, कारण पाच तास उन्हात काढल्यावर बरेच जण हात मिळवून सरळ घरी जातात. आम्ही दुसऱ्या वर्षापासून बसून जेवायचं ताट काढूनच टाकलं, दुपारी डब्यातलं सँडविच आणि शेवटी उभ्याने खायचं काहीतरी, माणशी वीस डॉलर वाचले आणि एकाही माणसाने तक्रार केली नाही.

रेट विचारताना एकच वाक्य वापरा, "सर्व्हिस चार्ज, टॅक्स, कार्ट सगळं धरून माझ्या चेकवर माणशी किती आकडा येईल?" तो आकडा ईमेलवर घ्या. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के आहे आणि तुमच्या संस्थेला सूट मिळालेली असेल तर एसटी-५ सर्टिफिकेट सही करतानाच द्या. बिल आल्यावर दिलंत तर क्लबचं अकाउंटिंग महिनाभर फिरवत बसतं.

आणि पाऊस. दुसऱ्या वर्षी अकराव्या होलवर विजांचा भोंगा वाजला, सगळ्यांना आत बोलावलं, पुन्हा खेळ झालाच नाही, आणि अशा वेळी काय करायचं याबद्दल कॉन्ट्रॅक्टमध्ये एक अक्षर नव्हतं. कोर्स बंद झाला तर पैसे परत की दुसरी तारीख, नऊ होलच्या आत थांबलं तर काय, नऊच्या पुढे थांबलं तर काय, बंद करायचं कोण ठरवणार, हे चार प्रश्न आधी विचारा आणि उत्तरं कॉन्ट्रॅक्टमध्येच घालून घ्या. तोंडी नको. को-ऑर्डिनेटर कितीही गोड असली तरी मार्चमध्ये बोललेली बाई सप्टेंबरमध्ये त्या नोकरीत असेलच असं नाही, आमच्याकडे सहा वर्षांत दोनदा बदलली आणि तोंडी दिलेलं प्रत्येक वचन तिच्याबरोबरच गेलं.

बाहेरचं खाणं चालेल का हेही त्यातच लिहून घ्या. आम्ही नववा होल संपतो तिथे वडापाव ठेवतो, आधीच्या रात्री तीन घरांत मिळून दोनशे वडे. क्लबने एकदा परवानगी दिली, लेखी, आणि आता आमचे अमेरिकन स्पॉन्सर त्याच्यासाठी येतात. सुकी चटणी वेगळी ठेवा, लसणीचा वास सगळ्यांना चालत नाही.

माणसं आणि स्पॉन्सर

एकेकटे खेळाडू गोळा करू नका. अठरा कॅप्टन शोधा. प्रत्येक कॅप्टनने आपले तिघे आणायचे आणि चौघांचे ६०० डॉलर एकदम भरायचे. पैसे आल्याशिवाय नाव यादीत नाही, मग तो सख्खा दीर असला तरी.

स्पॉन्सर हा खरा पैसा. होलवर साइन लावायची, १५० ते २०० डॉलर, छापायला वीस-एक लागतात, बाकी सगळे टीमचे. डेंटिस्ट, रिअल इस्टेट एजंट, टॅक्स करणारा सीपीए, इंडियन ग्रोसरी, ऑर्थोडॉन्टिस्ट तर हमखास, कारण टीममधल्या अर्ध्या मुलांच्या दातांना त्यांनीच तारा लावलेल्या असतात. ईमेल पाठवून काहीही होत नाही. मुलांना टीमच्या टी-शर्टवर दुकानात पाठवा, हातात रोबोटचा छोटा व्हिडिओ, आणि बोलायचं मुलांनीच, पालकांनी गाडीत बसायचं. आमची धाकटी नववीत असताना इतकी लाजायची की पहिल्या दुकानात तिने नुसता कागद पुढे केला. त्या माणसाने कागद बाजूला ठेवून विचारलं, हा रोबोट चेंडू कसा पकडतो, आणि मग ती दहा मिनिटं थांबलीच नाही. चेक घेऊन बाहेर आली. मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या पालकांना मॅचिंग गिफ्टबद्दल विचारा, कित्येकांना आपली कंपनी देणगी दुप्पट करते हेच माहीत नसतं.

रॅफल (तिकिटं विकून सोडत) ठेवणार असाल तर न्यू जर्सीत त्याला राज्याकडे नोंदणी आणि टाउनशिपचं लायसन्स लागतं, जमलेल्यातले अर्धे पैसे जिंकणाऱ्याला देतात त्या फिफ्टी-फिफ्टीलासुद्धा. काही महिने आधी अर्ज करा, नाहीतर ठेवूच नका.

होल-इन-वन

एका फटक्यात चेंडू होलमध्ये घालणाऱ्याला बक्षीस म्हणून एखादा डीलर गाडी ठेवायला तयार होतो आणि सगळे खूश होतात. इन्शुरन्स घ्याच. पण पॉलिसीत त्या होलचं किमान अंतर लिहिलेलं असतं, आमच्यात १५० यार्ड होतं. एका वर्षी सकाळी मी सहज एका काकांना रेंजफाइंडरने मोजायला सांगितलं तर १३८. कोर्सच्या माणसांनी पहाटे टीचे मार्कर (पहिला फटका कुठून मारायचा त्या खुणा) पुढे सरकवले होते, नेहमीसारखे, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. कुणी मारला असता तर इन्शुरन्सने एक डॉलर दिला नसता. तेव्हापासून सकाळी मोजतो, फोटो काढतो, मग स्टार्टरला (ग्रुप सोडणारा क्लबचा माणूस) सांगतो की आता याला हात लावू नका. साक्षीदार म्हणून मोठा माणूस दिवसभर तिथेच बसवा, पॉलिसीत कोण चालतो ते वाचून. बाकीची बक्षिसं साधी ठेवा. अ‍ॅमॅच्युअर खेळाडूला १,००० डॉलरच्या वरचं बक्षीस घेता येत नाही असा नियम आहे, होल-इन-वन तेवढा त्यातून सुटतो.

त्या दिवशी

रजिस्ट्रेशनला चार टेबलं, आडनावाप्रमाणे. कार्टवर नावं आदल्या संध्याकाळी. एका होलवर दोन ग्रुप टाकायचे झाले तर पार पाच नाहीतर पार चारवर टाका (पार म्हणजे त्या होलला ठरलेले फटके), पार तीनवर कधीच नाही, तिथे गर्दी तुंबली की अख्खा कोर्स तुंबतो. मलिगनची, म्हणजे चुकलेला फटका परत मारायची, तिकिटं टेबलावरच विका, रोख रक्कम दोघांनी मिळून मोजायची. शाळा सुटल्यावर मुलं येतात, आम्ही सतराव्या होलवर रोबोट उभा करतो, वीस डॉलर दिले की तुमचा फटका रोबोट मारतो. पहिल्या वर्षी त्याने चेंडू सरळ तळ्यात घातला, लोकांनी परत पैसे दिले. त्या एका होलवर जे जमतं ते पूर्ण रॅफलपेक्षा जास्त असतं, आणि ज्यांनी पैसे दिले ते ज्यांच्यासाठी दिले त्या मुलांशी बोलून जातात, हे मला फार मोलाचं वाटतं.

नंतर

आठवड्याच्या आत पत्रं गेली पाहिजेत. फी ७५ डॉलरच्या वर असेल तर खेळाडूला लेखी सांगावं लागतं की त्यातली देणगी किती, म्हणजे १५० मधून त्याला मिळालेल्या गोल्फ-जेवणाची साधारण बाजारभावाने किंमत वजा करून उरेल तेवढीच. अख्खे १५० टॅक्समध्ये दाखवा असं कुणाला सांगू नका. स्पॉन्सरला पत्राबरोबर त्याच्या साइनशेजारी उभ्या असलेल्या मुलांचा फोटो पाठवा, सही मुलांची, हाताने.

आणि पुढच्या वर्षीचा सोमवार त्याच संध्याकाळी क्लबमध्ये धरून ठेवा, पण डिपॉझिट देऊ नका, आधी नवीन कॉन्ट्रॅक्ट ईमेलवर मागवा आणि गॅरंटीची ओळ काढून बघा. दरवर्षी तिथे परत १२० छापून येतं.