विज्ञान प्रदर्शनात पेशीश्वसन: गूळ, यीस्ट आणि मोडांची तयारी

सुरुवात मटकीपासून. जिवंत मोडांच्या श्वसनातून उष्णता निघते, ती थर्मामीटरने दाखवायची. दोन दिवस आधी पाव किलो भिजवून मोड आणा. मिसळीच्या गावात, म्हणजे कोल्हापुरात, हे कुणाला शिकवायला नको, पण त्यातली अर्धी उकळून गार करायची राहूनच जाते. तिच्याशिवाय तुलनेला काही उरत नाही. उकळलेल्या मटकीवर जंतू भराभर वाढतात आणि त्यांच्याही श्वसनाने थर्मामीटर चढतो, म्हणून दोन्ही वाटे सौम्य जंतुनाशकाने धुवा. मग वेगवेगळ्या थर्मासमध्ये भरा. तोंडाला कापूस लावा, झाकण नको. ऑक्सिजन आत जायला हवा.

चुन्याची निवळी आदल्या रात्रीची; यीस्टच्या बाटलीतून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा चुना ढवळा, सकाळी वरचं नितळ पाणी काढून बाटली काठोकाठ भरा आणि बूच लावा. उघडी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच तिच्यावर साय धरते.

गूळ कोल्हापुरात हवा तेवढा मिळतो, पण पिवळाधमक घेऊ नका. रंग उजळायला वापरलेल्या हायड्रॉसमधला गंधक यीस्टला मानवत नाही. काळसर गूळ २० ग्रॅम, पाणी २०० मिली, ड्राय यीस्ट ५ ग्रॅम. पाणी ३५ ते ४० अंशांचं. कढत पाण्यात यीस्ट मरतं, थंडीत ते सुस्तावतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. बुचातून नळी काढून तिचं दुसरं टोक निवळीत बुडवा. बाटली अर्ध्या लिटरची हवी, नाहीतर फेस नळीत चढतो. नळीशिवाय बूच लावायचं नाही, बाटली फुटते. दुसऱ्या बाटलीत तेच प्रमाण, फक्त यीस्ट उकळलेलं. निवळी दुधाळ झाली की नळी बाहेर काढा. वायू येतच राहिला तर कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन ती पुन्हा नितळ होते आणि परीक्षक बुचकळ्यात पडतात.

सगळ्यात जास्त चुका तक्त्यात होतात. बूच लावलेल्या बाटलीतला ऑक्सिजन लवकर संपतो, पुढे चालतं ते विनॉक्सीश्वसन: ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू), शिवाय इथेनॉल. त्या बाटलीमागे क्रेब चक्राचं, म्हणजे ऑक्सिजनवर चालणाऱ्या श्वसनातल्या टप्प्याचं, चित्र लावू नका, ते थर्मासमागे शोभेल. त्यावर ग्लायकोलायसिस (ग्लुकोज तुटण्याचा पहिला टप्पा) पेशीद्रव्यात, क्रेब चक्र तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात), आणि ऑक्सिजनचा बाण शेवटी पाण्याकडे दाखवा. तो कार्बन डायऑक्साइडकडे काढलेला हमखास सापडतो. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमागे एटीपीचा शालेय हिशेब ३८ चा, आजचा अंदाज ३० ते ३२. दोन्ही लिहा.