जर्मन शब्दांचं डेर-डी-डास लक्षात राहत नसेल तर
एक चूक मी सुरुवातीला केली, नुसता शब्द पाठ केला, आर्टिकल (शब्दाआधी लागून त्याचं लिंग सांगणारं डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते) नंतर बघू म्हटलं. ते नंतर कधी येतच नाही. त्यामुळे वहीत मेसर (म्हणजे सुरी) असं लिहूच नका, डास मेसर असंच लिहा आणि मोठ्याने म्हणा, म्हणजे दोन्ही मिळून एकच शब्द वाटायला लागतो.

आपल्याला मराठीमुळे तो-ती-ते ही भानगड नवीन नाही, पण मराठीचं लिंग तिकडे लावायला गेलात की फसलात. आपली सुरी ती, त्यांची डास. आपला काटा तो, त्यांची डी गाबेल. चमचा मात्र दोन्हीकडे तो, डेर ल्योफेल. सूर्य तर चक्क स्त्रीलिंगी, डी झोन्न!

शेपूट बघायची सवय लावा. शेवटी उंग, हाइट, काइट, शाफ्ट असलं की जवळजवळ नेहमी डी, म्हणजे डी त्साइटुंग (वर्तमानपत्र), डी फ्राइहाइट (स्वातंत्र्य). शेन किंवा लाइन लागून शब्द छोटा-लाडका झाला की डास, म्हणून तर मुलगी असून डास मेटशेन (आपलं 'ते पोरगं' आठवा, लगेच पटेल). जोडशब्दात शेवटच्याचं लिंग चालतं, हाउस म्हणजे घर डास असलं तरी ट्युअर म्हणजे दार डी, मग डी हाउसट्युअर.

बाकी रंग वापरा, डेर निळा, डी लाल, डास हिरवा, आणि मधेच रंग बदलू नका, मी बदलले आणि अर्धी वही परत लिहावी लागली.