गाडी दारात, बिल संगणकात: सोलापुरातील छोट्या कारखान्यांनी करावयाची पूर्वतयारी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात एखादा माग बंद पडला तर फारसे बिघडत नाही, कारण बाकीचे माग चालू असतात आणि दुरुस्ती करणारा जॉबर शेडमध्येच असतो. मात्र ज्या एकाच संगणकावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे, बिले निघतात आणि माल वाहून नेण्यासाठी लागणारे ई-वे बिल तयार होते, तो बंद पडला की बांधलेल्या गाठी गोदामातच राहतात आणि ट्रान्सपोर्टची गाडी भाडे मागत दारात उभी राहते. म्हणून तयारी करताना प्रथम माल बाहेर पडण्याची वाट तपासावी. कोणते यंत्र किंवा सॉफ्टवेअर घ्यायचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

त्यासाठी एक साधा कागद पुरेसा आहे. ऑर्डर आल्यापासून गाडी सुटेपर्यंत संगणकावर होणारे प्रत्येक काम त्यावर लिहावे आणि त्यापुढे दोन गोष्टी नोंदवाव्यात: हे काम किती वेळ बंद राहिले तरी निभावेल, आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तरी पुन्हा हाताने भरता येतील. बिलिंग दोन तासही थांबून चालत नाही, पगारपत्रक दोन दिवस थांबू शकते, तर जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) डिझाइनची फाइल एकदा गेली की पुन्हा नोंद करून मिळत नाही. हा कागद मालकांनी एकट्याने भरू नये. हिशेबनीस आणि गोदाम सांभाळणारा माणूस यांना सोबत बसवले, तर मालकांना ठाऊक नसलेली निदान एक अडचण हमखास बाहेर येते.

सर्वांत जास्त लक्ष बॅकअपकडे द्यावे लागते. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक जागेबाहेर, हा जुना नियम छोट्या कारखान्यालाही पुरेसा आहे. प्रत्यक्षात मात्र बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असतो, किंवा बाहेरची हार्ड डिस्क दिवसरात्र संगणकाला जोडलेलीच असते. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या डिस्कवरील प्रतही निकामी करतो. म्हणून दोन हार्ड डिस्क घेऊन त्या आलटून पालटून वापराव्यात. एकीवर बॅकअप घेतला जात असताना दुसरी मालकांच्या घरी असावी.

टॅलीचा चालू डेटा थेट गूगल ड्राइव्हसारख्या फोल्डरमध्ये ठेवण्याची पद्धतही टाळावी, कारण नोंदी चालू असताना फाइली अर्धवट चढल्या तर कंपनीचा डेटा बिघडू शकतो. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून येणाऱ्या मेनूतून बॅकअप घ्यावा आणि तयार झालेली फाइल मग ड्राइव्हवर चढवावी. खरी परीक्षा तो परत उघडण्याची असते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर, वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावा. मूळ फोल्डरचा मार्ग चुकून दिला तर चालू डेटावर जुना डेटा बसेल, एवढे भान ठेवावे. उतरवल्यानंतर शेवटच्या बिलाचा क्रमांक, रोख शिल्लक आणि एखाद्या मोठ्या पार्टीचे येणे मूळ हिशेबाशी ताडून पाहावे. हे तिन्ही जुळले तरच बॅकअप आहे असे समजावे. ‘बॅकअप यशस्वी’ हा पडद्यावरचा संदेश केवळ फाइल तयार झाल्याचे सांगतो.

डिझाइनच्या फाइली याहून दुर्लक्षित असतात. इलेक्ट्रॉनिक जकार्डची डिझाइन बहुधा बाहेरच्या डिझायनरच्या लॅपटॉपवर आणि मागाजवळच्या एका पेनड्राइव्हवर एवढीच असते, तर युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडे कटिंगचे पॅटर्न मास्तरांच्या संगणकावर असतात. जुने ग्राहक तीच किनार, तोच मोर पुन्हा मागतात, म्हणजे हे कारखान्याचे भांडवलच आहे. नवे डिझाइन मंजूर झाल्यावर त्याची फाइल ऑफिसात जमा झाल्याशिवाय डिझायनरचे बिल चुकते करू नये, असा नियम करणे योग्य ठरेल.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असल्यास, संगणकावर ठेवलेल्या हिशेबाचा दररोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर असणेही बंधनकारक आहे.

वीज आणि उन्हाळा हे दोन विषय सोलापुरात टाळता येत नाहीत. यूपीएसमधील सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण २५ अंश तापमान गृहीत धरून बनवलेली असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. पत्र्याच्या शेडमधील केबिनमध्ये मे महिन्यात ती दोन वर्षांतच थकली, तर दोष कंपनीला देण्यात अर्थ नाही. खंडेनवमीला मागांबरोबर संगणकालाही हळद-कुंकू लागते. त्याच दिवशी, आणि पुन्हा मार्चमध्ये, मुख्य वीज बंद करून यूपीएस प्रत्यक्ष किती मिनिटे टिकतो हे घड्याळ लावून पाहावे. वळवाच्या पावसाआधी अर्थिंग तपासून घ्यावे आणि विजा कडाडू लागल्या की राउटरची तारही काढावी. शेडमधील सुताची तुसे पंख्यात अडकून संगणक तापतो, त्यामुळे तो मागांपासून दूर, दार बंद राहील अशा खोलीत ठेवावा.

इंटरनेटच्या दोन जोडण्या घेतल्या तरी दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर उपयोग होत नाही. दुसरी सोय मोबाइलच्या सिमवर चालणारी असावी. त्याहून अधिक घोटाळा ओटीपीचा होतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) यांच्या पोर्टलवर लॉगिन करताना पासवर्डसोबत ओटीपी सर्वांना सक्तीचा झाला आहे. नोंदवलेला क्रमांक काम सोडून गेलेल्या हिशेबनिसाचा असेल, किंवा मालकांचा फोन प्रवासात बंद असेल, तर संगणक धडधाकट असूनही गाडी हलत नाही. पोर्टलवर उपवापरकर्ता तयार करून त्याला स्वतंत्र मोबाइल क्रमांक द्यावा. ज्यांना ई-इनव्हॉइस लागू नाही, म्हणजे २०१७-१८ पासून कोणत्याही वर्षी ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर गेलेली नाही, त्यांनी वेगळ्या क्रमांक-मालिकेचे एक छापील बिलबुकही कपाटात ठेवावे.

दुरुस्ती करणाऱ्याशी वार्षिक करार करताना ‘लगेच येऊ’ हा शब्द स्वीकारू नये. फोन केल्यापासून किती तासांत माणूस येईल आणि दुरुस्तीला वेळ लागल्यास तोवर पर्यायी संगणक कोण देईल, हे लेखी असावे. सुटा भाग पुण्याहून यायचा असेल तर अडीचशे किलोमीटरचा प्रवास धरून एक दिवस गेलाच. त्यामुळे एक तयार हार्ड डिस्क, एक राउटर आणि टॅली बसवलेला एक साधा लॅपटॉप स्वतःकडे असणे स्वस्त पडते. राउटर, ईमेल आणि वेबसाइटच्या डोमेनचे पासवर्ड बंद पाकिटात मालकांकडे असावेत, आणि डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे, कारखान्याच्या नावावर आहे याची खात्री करावी.

फाइली अचानक उघडेनाशा झाल्या आणि पैसे मागणारा संदेश दिसला, तर त्या संगणकाची नेटवर्कची तार तत्काळ काढावी, वायफाय बंद करावे, संदेशाचा फोटो घ्यावा आणि घाईघाईने बॅकअपची डिस्क जोडू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत या संस्थेला कळवावी लागते. खात्यातून पैसे गेले असल्यास बँकेला आणि १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पुरवठादाराचा बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर जुन्या फोन क्रमांकावर त्याच्याशी बोलल्याशिवाय सूत-रंगाचे पैसे पाठवू नयेत.

विंडोज १० साठी मिळणारे सर्वसाधारण मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे अनेकांना संगणक बदलावे लागतील. हे काम युनिफॉर्मच्या हंगामात, म्हणजे मार्च ते जून या काळात काढू नये. तसेच दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांनी ते भरण्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवस टाळावेत. बदल झाल्यावर कमी गर्दीच्या एखाद्या दुपारी मुख्य संगणक मुद्दाम बंद ठेवावा आणि हिशेबनिसांना केवळ पर्यायी लॅपटॉप, मोबाइलचे इंटरनेट आणि आदल्या रात्रीचा बॅकअप यांवर एक खरे बिल काढून गाडी रवाना करण्यास सांगावे. या सरावात कोणी मदतीला धावू नये. प्रिंटर सापडला नाही, पासवर्ड चुकला, ओटीपी दुसऱ्याच फोनवर गेला, असे जे जे अडेल ते पहिल्या कागदाच्या मागे लिहून, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करायचे हेही त्यापुढे नोंदवावे.