वीस हजारांत लिनक्ससाठी छोटा लॅपटॉप

वीस हजारांत लॅपटॉप घ्यायचा आणि त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, चालवायचं ठरलं असेल, तर आधी नव्याकोऱ्याचा मोह सोडा. त्या पैशात बहुधा सेलेरॉन हा इंटेलचा कमी ताकदीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि बोर्डालाच चिकटलेलं ६४ जीबी स्टोरेज पदरात पडतं. वर्षभरात रडकुंडीला येता आणि बदलायला काही हाताशी नसतं. त्याऐवजी कंपन्यांनी वापरून काढलेले लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला साधारण इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी लागते. सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशिनं त्यामुळे अडगळीत निघाली आहेत. लिनक्सला त्यांचं काही वावडं नाही.

मी डोंबिवलीचा. सॅक पुढे घेऊन लोकलच्या दारात लटकणाऱ्याला पंधरा इंची धूड काय कामाचं? माझी पहिली पसंती साडेबारा इंची थिंकपॅड एक्स२७०. रॅमचा एकच स्लॉट, पण बदलता येतो. दोन बॅटऱ्या, त्यातली मागची बाहेरून निघते. टाइप-सीवर चार्जही होतो. त्याच्या पुढचा एक्स२८० दिसायला देखणा, पण त्याची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी. ४ जीबीचा गळ्यात मारत असतील तर नाही म्हणा. एचपीचा एलिटबुक ८२० जी३ ही चांगला, त्याला रॅमचे दोन स्लॉट आहेत. कुठलाही घ्या, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) हवीच. स्क्रीन फुल एचडी आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारी, आहे ना, तेही विचारा. याच मॉडेलांत फिकट, बाजूने बघितलं की काळवंडणारे पॅनलही असतात.

आता लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार. ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, रविवार टाळा. दुकानदार विंडोज सुरू करून दाखवेल. बघा, मान डोलवा आणि खिशातून आपला पेनड्राइव्ह काढा. त्यावर घरूनच लिनक्स मिंट एक्सएफसीई, म्हणजे लिनक्सची एक हलकी आवृत्ती, थेट सुरू होईल अशी टाकून न्यायची. थिंकपॅड-डेलला एफ१२, एचपीला एफ९ दाबलं की त्यावरून मशीन सुरू करता येतं. इन्स्टॉल करू नका, नुसतं चालवा. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. तरीही कुणी कुरकुर केली तर शेजारी दुसरं दुकान आहेच.

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून वायफाय जोडा. कार्ड इंटेलचं असेल तर सहसा लगेच जुळतं. ब्रॉडकॉमचं निघालं तर ड्रायव्हरची, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, शोधाशोध आली. एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐका, कॅमेरा बघा, एकेक बटण दाबून घ्या. मग झाकण मिटा, चहा मागवा, झाकण उघडा. झोपलेलं मशीन पुन्हा जागं झालंच पाहिजे, इथेच पुष्कळदा घोडं पेंड खातं. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर नाही चालला तर सोडून द्या, लिनक्सवर त्याचं रडगाणं जुनंच आहे.

बॅटरीसाठी पॉवर मॅनेजर उघडा. मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता दोन्ही वॉट-अवरमध्ये दिसतात. एक्स२७० ची आतली बॅटरी मुळात २३ च्या आसपास. ती १२ वर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. आणि बायॉस, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणारं मूळ सेटिंग, उघडून बघाच. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला तर कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

मराठीची काळजी नको, कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड मिळतो. मात्र तुमचं पोट टॅलीवर (हिशेबाचं सॉफ्टवेअर) किंवा श्रीलिपीवर (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) चालत असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका, ही दोन्ही विंडोजचीच.

पैसे देताना बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरशी ताडून बघा. वॉरंटी किती महिन्यांची आणि तीत बॅटरी धरली आहे का, तेही त्याच बिलावर लिहवून घ्या.