नाणं वर जाताना त्याच्यावर बल कोणतं? वर्गात एक संकल्पना-प्रश्न कसा घ्यावा

नववीला ‘गतीचे नियम’ शिकवून झाले की वर्गात एक नाणं उडवा आणि विचारा: नाणं हातातून सुटलंय, अजून वर चाललंय, तर या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणणारी मुलं सांगतात, हाताचा जोर वर आणि गुरुत्वाकर्षण खाली. माथ्यावर दोन्ही सारखे होतात म्हणून नाणं थांबतं, मग जोर संपतो म्हणून पडतं. सुरुवातीची कित्येक वर्षं मी हे ऐकलं की फळ्याकडे वळायचो आणि नियम पुन्हा समजावून सांगायचो. घटक चाचणीत तीच उत्तरं परत यायची.

यात मुलांचा आळस नाही. चौदाव्या शतकात पॅरिसचा तत्त्वज्ञ जाँ बुरिदाँ जवळपास असाच विचार करत होता: फेकणारा वस्तूत एक ‘प्रेरणा’, म्हणजे ढकलणारा जोर, भरतो आणि ती वस्तूला पुढे नेते. इतका जुना आणि इतका पटणारा विचार एका तासिकेत कसा हटेल?

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना हाच अनुभव आला. डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या कल्पना तपासणारे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न तयार केले होते. अवघड गणितं सोडवणारी माझूर यांची मुलं त्या प्रश्नांवर अडखळली. तेव्हा १९९१ पासून त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली: प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अशा प्रश्नांवरचे ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के कमावलं होतं. मुलांना बोलतं, करतं ठेवणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के.

हे आपल्या साठ पटाच्या वर्गात, ३५ मिनिटांच्या तासिकेत करता येतं. आठवड्याला एकच प्रश्न घ्या. त्याला दहा-बारा मिनिटं पुरतात.

पहिली पायरी: प्रश्न मुलांच्या तोंडून घ्या

सगळं कसब इथे आहे. सूत्रात आकडे घालून सुटणारा प्रश्न नको. आधीच्या वर्षीचे पेपर काढा, चुकलेली उत्तरं वाचा आणि मुलांनी लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी पर्याय म्हणून वापरा. नाण्याच्या प्रश्नाचे पर्याय मी असे ठेवतो (हवेचा विरोध सोडून द्या, हे आधी सांगायचं):

१. वरच्या दिशेने हाताचं बल, जे कमी कमी होत जातं, आणि खाली गुरुत्वीय बल.
२. फक्त वरच्या दिशेने बल. गुरुत्वीय बल माथ्यापासून सुरू होतं.
३. फक्त खालच्या दिशेने गुरुत्वीय बल.
४. वर आणि खाली दोन्ही बलं सारखीच.

आपण मनाने रचलेला चुकीचा पर्याय कुणी निवडत नाही. मुलांच्या वहीतला पर्याय मात्र निम्मा वर्ग निवडतो.

दुसरी पायरी: एकट्याने, गुपचूप मत

एक मिनिट पूर्ण शांतता. मग ‘डोळे मिटा, बोटं छातीशी’. एक बोट म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा. हात वर करायला सांगितलं तर सगळे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघून हात वर करतात आणि मोजणीला काही अर्थ उरत नाही. रिमोट, मोबाइल, इंटरनेट यातलं काही लागत नाही. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहून कार्डं केलीत तर शेवटच्या बाकापर्यंत नीट दिसतात.

तिसरी पायरी: मोजा, पण उत्तर सांगू नका

चेहऱ्यावरूनही सांगायचं नाही, आणि हे शिक्षकाला सगळ्यात जड जातं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर चर्चेला द्या. त्याहून कमी असतील तर बोलायला मुलांजवळ पुरेसं भांडवलच नाही. एक सूचक उदाहरण द्या आणि पुन्हा मत घ्या. त्याहून जास्त असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला.

चौथी पायरी: शेजाऱ्याला पटवा

‘तुझ्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला शोध आणि त्याला पटवून दे.’ तीन मिनिटं. वर्गात गलका होईल, होऊ द्या. तुम्ही बाकांमधून फिरा आणि फक्त ऐका. एकदा दोन मुलींचं बोलणं कानावर पडलं. एक म्हणत होती, ‘अगं, मग वर जातंय कशानं? ढकलणारं कुणीतरी पाहिजे ना!’ दुसरी म्हणाली, ‘सायकलचं पायडल मारायचं सोडलं तरी ती जातेच की. तिला तेव्हा कोण ढकलतं?’ पहिली थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘पण ती थांबते.’ ‘थांबते ती घर्षणानं. नाण्याला खालून ओढणारं आहेच की.’ सायकलचं हे उदाहरण मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आता ते माझ्या टाचणात आहे.

दोघींपैकी एकीलाही उत्तर येत नसेल तर चर्चेचा उपयोग काय, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात ती तपासली गेली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. गटात कुणालाच उत्तर येत नसतानाही चर्चेनंतर बरोबर उत्तरं वाढली होती.

पाचवी पायरी: पुन्हा मत, आणि मग तुमचं बोलणं

दुसऱ्यांदा बोटं मोजा. आधी दोन-तीन मुलांना कारणं सांगू द्या, चुकीच्या पर्यायाचंही कारण मागा. मग तुम्ही एकच प्रश्न हातात द्या: प्रत्येक बलासमोर ‘हे लावतंय कोण?’ असं लिहा. गुरुत्वीय बल लावते पृथ्वी. आणि वरच्या दिशेचं? हात तर कधीच सुटला.

इथे ‘जोर’ या शब्दापाशी थांबा. आपण ‘जोर लाव’ म्हणतो, ‘जोरात पळाला’ म्हणतो आणि ‘चेंडूत जोर होता’ असंही म्हणतो. एका शब्दात बल आहे, वेग आहे आणि आणखीही काही आहे. नाणं वर जाताना त्याच्याजवळ काहीतरी असतं आणि ते कमी होत जातं, हे मुलांचं निरीक्षण अगदी खरं आहे. ते खोडू नका. त्या ‘काहीतरी’चं नाव संवेग (वस्तुमान गुणिले वेग), बल नव्हे, एवढंच सांगा. खाली ओढणारं गुरुत्वीय बल तो संवेग क्षणाक्षणाला कमी करतं. हे ऐकल्यावर मुलाला आपण मूर्ख होतो असं वाटत नाही, आपण नाव चुकलो असं वाटतं. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत मोलाची जागा हीच.

प्रयोग दाखवायचा असेल तर तोही अंदाज घेतल्यावरच. माझूर यांच्या गटाने हे तपासून पाहिलं. ज्यांनी प्रयोग नुसता बघितला, त्यांची समज न बघितलेल्यांपेक्षा फारशी पुढे गेली नव्हती. आधी अंदाज नोंदवणारी मुलं मात्र स्पष्टपणे पुढे होती.

मुलं आणि पालक कुरकुरतील

‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात.’ हे येणारच. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वर्गातली मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. डोक्याला पडलेला ताण म्हणजे समजलं नाही, असा त्यांचा समज झाला. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका: इथे गोंधळल्यासारखं वाटेल, आणि ते चालेल.

आधी आपण शिक्षकांनी

केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत ही पद्धत नुसतं भाषण देऊन पोचवता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लिलियन मॅकडरमॉट यांनी सारख्या बल्बांची तीन परिपथं दिली: एकट्या बल्बचं, एकसरी जोडणीतल्या दोघांचं आणि समांतर जोडणीतल्या दोघांचं. प्रत्येकाला सारखाच आदर्श घट, आणि कोणता बल्ब किती उजळेल ते क्रमाने लावायचं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच ते जमलं, आणि शाळेत शिकवणाऱ्यांचा निकालही जवळपास तोच होता. तेव्हा सहकाऱ्यांसमोर बल्ब, घट आणि तारा ठेवा, पण तारा जोडण्याआधी प्रत्येकाचा अंदाज कागदावर घ्या. मग जोडा. आपला स्वतःचा अंदाज चुकताना बघितलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळ्या कानांनी ऐकतो.

एक साधी वही ठेवा. डाव्या पानावर प्रश्न, दोन्ही वेळची मोजणी आणि तारीख. उजव्या पानावर मुलांची वाक्यं, त्यांच्याच बोलीत. नाण्याच्या पानावर माझ्याकडे पुढच्या आठवड्याचा प्रश्नही लिहिलेला आहे, एका मुलाने जाता जाता विचारलेला: माथ्यावर नाणं थांबतं, मग तिथे त्वरण शून्य का नाही?