क्रॉसकंट्रीची बॅग आदल्या रात्रीच भरा

क्रॉसकंट्री म्हणजे मैदानं, माळरानं, चिखल यांतून धावण्याची शर्यत, आणि त्या दिवशी सकाळच्या घाईत हमखास काहीतरी राहतं. सगळ्यात आधी शूज. स्पाइक्स (तळाला खिळे लावलेले शूज) वापरत असाल तर खिळे फिरवायचा पाना आणि जास्तीचे खिळे हवेतच. कोरड्या, टणक जमिनीला ६ मिलिमीटरचे पुरतात. चिखल असेल तर १२ किंवा १५ लागतात, आणि ते तिथे जमिनीवर पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. खिळे बदलताना भोकात अडकलेली माती टाचणीने कोरून काढा, नाहीतर आटे नीट बसत नाहीत आणि खिळा ऐन चिखलात निखळतो. नवे शूज त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, कितीही मोह झाला तरी!

छातीवरचा नंबर लावायला चार सेफ्टी पिना, मोज्यांचा दुसरा जोड, टॉवेल, ओल्या कपड्यांसाठी पिशवी. धावणं थांबलं की घामाने भिजलेलं अंग झपाट्याने गार पडतं, म्हणून कोरडा टी-शर्ट आणि जाकीट बॅगेत अगदी वर ठेवा.

सरावाच्या दिवसांत जे पचलंय तेच खा, शर्यतीच्या दोन-तीन तास आधी. आणि लवकर पोहोचून मार्ग चालून बघा. पहिलं अरुंद वळण कुठे आहे ते हेरून ठेवा, गर्दी तिथेच होते.